एक कात्री असताना दुसरी कशाला?

माझ्या मागणीवर स्टोअरने मारलेल्या शेऱ्याचा फोटो मी अजून मोबाइलमध्ये ठेवलाय. ‘विभागात ट्रिप्सिन शिल्लक असताना कायमोट्रिप्सिनची गरज स्पष्ट करावी.’ हिरवी शाई, खाली लपेटदार सही. ही दोन्ही एन्झाइमं, प्रथिनांची साखळी ठरावीक जागी तोडणाऱ्या दोन वेगळ्या कात्र्याच म्हणा. या एका ओळीपायी माझं एमएस्सीचं डिझर्टेशन सात आठवडे अडलं.

सरांनी एक छोटं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, दिलं होतं. एन्झाइमने तुकडे करून त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम लावायचा. ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे साखळी तोडतं, त्यापुढे प्रोलिन असेल तर सहसा हात लावत नाही. चार तुकडे मिळाले, मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर) वाचूनही झाले. (ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वजन एकच, तिथे मशीनवर विसंबू नका.) एकाच्या शेवटी ना लायसिन ना आर्जिनिन, म्हणजे तो शेपटीचा. पहिला कुठला ते एडमन पद्धतीच्या (साखळीच्या सुरुवातीपासून एकेक अमिनो आम्ल सुटं करून ओळखायचं) एका फेरीत कळलं. राहिले मधले दोन. त्यांत आधी कोण, हे ट्रिप्सिन जन्मात सांगणार नाही, कारण तो जोड त्यानेच तोडलेला.

म्हणून कायमोट्रिप्सिन. ते फिनाइलअ‍ॅलानिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅनपुढे तोडतं. वेगळ्या जागी तोडलं की पहिल्या एन्झाइमने तोडलेला जोड एखाद्या तुकड्यात अखंड सापडतो.

हे मी स्टोअरच्या खिडकीशी किती वेळा सांगितलं असेल! फोंड्याहून भर पावसात कदंबाच्या बसने यायचं, ओल्या छत्रीसकट रांगेत उभं राहायचं आणि ऐकायचं, “फाल्यां यो.” म्हणजे उद्या ये. तीन कोटेशनं लागतात म्हणून तीन आणली. तिसऱ्या पुरवठादाराने नुसतं ‘ट्रिप्सिन’ लिहून पाठवलं. झालं, फाइल परत. “नाव तर तेंच मरे, फुडें ‘कायमो’ लावलां म्हणून वेगळें जातां?” असं विचारल्यावर मी तिथेच गप्प झाले. शेवटी लेखी खुलासा दिला. इन्शुलिनच्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावताना फ्रेडरिक सँगर यांनीही पेप्सिन, ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन वापरलं, त्या कामाला १९५८ चं नोबेल मिळालं, वगैरे. वाचून स्टोअरच्या साहेबांनी विचारलं, “त्यांची तीन कोटेशनं जोडलीत?” ते चेष्टा करत होते की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

पार्सल आलं चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती आणि थर्माकोलचा डबा गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी आणलेल्या नारळांच्या पिशवीशेजारी पडला होता. मी तो सही करून उचलला आणि फ्रीझरपर्यंत अक्षरशः पळाले. तुम्ही मागवाल तेव्हा सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी बघा.

आणखी एक, ट्रिप्सिन पीएच ८ च्या बफरमध्ये विरघळवून ठेवू नका, स्वतःलाच खात सुटतं. साठ्यासाठी सौम्य आम्लात ठेवायचं. शेजारी नुसत्या एन्झाइमची नळी लावा, नाहीतर त्याचेच तुकडे तुमचे म्हणून मोजाल. ३७ अंशांवर ठेवलेली अभिक्रिया आम्ल घालून थांबवायला विसरू नका. कायमोट्रिप्सिनला तर वेळ कमीच द्या, जास्त झाला की ल्युसिनपुढेही कुरतडतं.

चवथ झाल्यावर दोन दिवसांत तुकडा सापडला. सेरीन-लायसिन-व्हॅलिन-ग्लुटामेट-टायरोसिन. सेरीन-लायसिन हे एका तुकड्याचं शेपूट, व्हॅलिनपासून पुढचं दुसऱ्याचं डोकं. वाट बघून कंटाळून मी सरांना अंदाजाने जो क्रम आधीच लिहून दिला होता, तो नेमका उलटा निघाला.