उलटं मोजायचं

रविवार, रात्र

दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्यावर धाकटी जाऊ दिनदर्शिका घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. ‘‘ताई, पाळी आल्यापासूनचा चौदावा दिवस आम्ही चुकवत नाही, तरी दिवस राहत नाहीत,’’ हळूच म्हणाली.

लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं. महाद्वार रोडवर खरेदीला गेलं तरी कुणी ना कुणी ‘‘काय गं, गोड बातमी कधी?’’ म्हणून विचारतंच. पण अंडं कधी फुटतं, म्हणजे स्त्रीबीज बीजकोशातून कधी बाहेर पडतं, हे या पोरीला एकीनंही सांगितलेलं नाही. मला या गोष्टीचा फार राग येतो.

तारखांवर पेन्सिलीनं फुल्या होत्या. मोजलं तर तिची पाळी कधी 32 दिवसांनी येते, कधी 36. चौदावा दिवस हा 28 दिवसांनी पाळी येणारीचा हिशोब. अंडं तयार व्हायचा काळ लांबतो, आखडतो. फुटल्यानंतरचे दिवस मात्र फारसे हलत नाहीत. जपानच्या डॉ. ओगिनोंनी 1924 सालीच मांडलं होतं की अंडं पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी फुटतं. म्हणजे मोजायचं ते मागं. मधले चौदा धरले तर हिचा दिवस साधारण अठराव्यापासून बाविसाव्यापर्यंत कधीही येणार. शिवाय फुटलेलं अंडं जेमतेम दिवसभर टिकतं, पुरुषबीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतं. म्हणून आधीचे दिवस महत्त्वाचे.

‘‘पण पुढची पाळी कधी येणार ते आधी कसं कळायचं?’’ तिनं विचारलं. अगदी बरोबर विचारलं. तिथं अंगाकडंच बघावं लागतं. महिन्याच्या मध्यावर तिला पांढरं जातं, म्हणून ती तांदळाचं धुवण पीत होती! नीट विचारलं तर वास नाही, खाज नाही. पाण्यासारखं स्वच्छ, बुळबुळीत, दोन बोटांत धरलं तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येते. अगं, हा आजार नव्हे, हेच तर ते दिवस. ती माझ्याकडं बघतच राहिली.

औषधाच्या दुकानात लघवी तपासायचं किटही मिळतं. त्यात खूण उमटली की बहुधा 24 ते 36 तासांत अंडं फुटतं. पीसीओडी, म्हणजे बीजकोशांचा पाळी अनियमित करणारा त्रास, असेल तर मात्र ते फसवू शकतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी अंगाचं तापमान मोजायची पद्धतही आहे, पण पारा किंचित चढतो तो अंडं फुटून गेल्यावर. तीनचार महिने लिहून ठेवलं तर अंदाज बसतो, त्या महिन्यापुरता उपयोग नाही.

एवढ्यावर मात्र थांबायचं नाही, हेही सांगितलं. वर्षभरात राहिलं नाही तर दोघांनीही तपासून घ्यायचं, पस्तिशीच्या पुढं सहा महिन्यांतच. आतापर्यंत तपासण्या झाल्या त्या हिच्याच. खरं तर वीर्यतपासणीइतकी सोपी तपासणी नाही. भाऊजींच्या कानावर घालायचं काम ह्यांच्याकडं दिलंय. ऐकलं नाही, तर मी स्वतः बोलणार आहे.