आईचं दिव्यांगत्वाचं जुनं प्रमाणपत्र ऑनलाइन करून घेताना : माझा अनुभव

आईकडे 2008 सालचं, मेडिकल बोर्डानं हातानं लिहून दिलेलं प्रमाणपत्र होतं. पोलिओनं अधू झालेला पाय, 45 टक्के, कायमस्वरूपी. इतकी वर्षं त्यावर काम भागलं. आता बसच्या पासापासून पेन्शनपर्यंत जिथं जाल तिथं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, मागतात, म्हणून ते ऑनलाइन करून घेतलं. या कामात सगळ्यात जास्त घोळ जुन्या सल्ल्यांमुळे होतो. ज्यानं 2019 ला कार्ड काढलं तो त्या वेळची पद्धत सांगतो, आणि ती त्या वेळी बरोबरच होती. पण मधल्या काळात नियम पुन्हा पुन्हा बदललेत, त्यामुळे कुणीही काही सांगितलं की आधी विचारा : हे कोणत्या साली केलंत?

आईचं प्रमाणपत्र 1995 च्या कायद्याखालचं. त्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 चा नवा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि प्रकार 21 झाले. त्याच वर्षी जूनमध्ये नियम आले. टक्केवारी कशी मोजायची याच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी 2018 मध्ये निघाल्या, आणि मार्च 2024 मध्ये त्या बदलून नव्या आल्या. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र यूडीआयडी पोर्टलवरूनच द्यायचं असं ठरलं, म्हणजे हातानं लिहिलेला नवा कागद तेव्हापासून बंद. ऑक्टोबर 2024 मध्ये नियमांत पुन्हा दुरुस्ती झाली. 2017 च्या नियमांत प्रमाणपत्र एका महिन्यात द्यायचं होतं, ती मुदत आता तीन महिने आहे. कार्डाचे रंगही त्याच दुरुस्तीत आले : 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 80 पिवळं, 80 आणि वर निळं. आणखी एक कलम फार महत्त्वाचं आहे. दोन वर्षांत अर्जावर निर्णय झाला नाही तर तो अर्ज बाद होतो आणि नव्यानं भरावा लागतो. ‘अर्ज दिलाय, बोलावतील कधीतरी’ म्हणून घरी बसलेल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे याच यूडीआयडी पोर्टलवर, भरायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा, आणि जुनं प्रमाणपत्र असेल तर त्याचं स्कॅन एवढंच लागतं. अर्जाला सरकारी फी नाही. सेवा केंद्रात भरून घेतलात तर त्यांचा भरण्याचा आकार द्यावा लागतो. गावात ग्रामपंचायतीचे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते आणि तालुक्याला त्यांच्यावरचे कार्यकर्ते असतात. कर्नाटकात ही माणसं याच कामासाठी नेमलेली आहेत, त्यांची मदत जरूर घ्या. फोटो फक्त चेहऱ्याचा हवा. पाय किंवा हात दिसेल असा पूर्ण फोटो काढायला सांगणारे अजून भेटतात. तो नकोच, आणि कुणाला तसं उभं करून फोटो काढायला लावणं मला मुळातच पटत नाही. मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा द्या. केंद्रवाल्याचा नंबर टाकला की तपासणीचा निरोप त्याच्याकडे जातो आणि तारीख हुकते.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात खरी पंचाईत नावाची होते. आधारवर कन्नड आणि इंग्रजी, शाळेच्या दाखल्यावर मराठी, जुन्या प्रमाणपत्रावर डॉक्टरनं घाईत लिहिलेलं इंग्रजी. कुठं आधी आडनाव, कुठं शेवटी, तर कुठं वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. ‘लक्ष्मी’चं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळं. अर्ज आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणेच भरावा. जुन्या कागदावर फार फरक असेल तर तोच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावं. आधारच चुकीचं असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज. 1 नोव्हेंबर 2014 च्या आधीच्या इंग्रजी कागदांवर बेळगाव जिल्ह्याचं नाव जुन्या पद्धतीनं (Belgaum) असतं. त्यानं घाबरून जायचं कारण नाही, अर्जात यादीत येतो तोच जिल्हा निवडायचा.

दवाखाना निवडताना मात्र घाई नको. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे 40, त्यामुळे तिकडच्या लोकांचे उपचार कोल्हापूरलाच चालतात. नियमाप्रमाणे अर्ज राहत्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडे करता येतो, किंवा त्या दिव्यांगत्वावर ज्या सरकारी दवाखान्यात उपचार चालू आहेत वा झालेत तिथं. खासगी दवाखान्यातल्या उपचारांवर हा दुसरा मार्ग मिळत नाही. आम्ही बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, निवडलं, कारण पुढं पेन्शनची पडताळणी इकडच्याच कचेरीत व्हायची. प्रमाणपत्र कुठल्याही राज्याचं असो, कायद्याच्या कलम 58 प्रमाणे ते देशभर चालतं. चंदगड-गडहिंग्लजला कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी ‘कर्नाटकाचं चालत नाही’ असं तोंडी ऐकून माघारी येऊ नये, हे कलम दाखवावं. सवलतीच्या योजना मात्र त्या त्या राज्याच्या. कर्नाटकाच्या बसचा पास महाराष्ट्राच्या एसटीत चालत नाही, आणि रेल्वेच्या सवलतीचा अर्ज तर पूर्ण वेगळा असतो.

जुनं प्रमाणपत्र नुसतं चढवायचं की नवी तपासणी मागायची, हे अर्जाआधी ठरवा. आईला आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. नुसतं जुनं चढवलं असतं तर कार्डावर पायच आला असता, कान राहून गेले असते. म्हणून दोन्ही प्रकार लिहून तपासणी मागितली. कानांसाठी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची चाचणी, होते, आणि ती कानाचं यंत्र काढून ठेवून करतात.

टक्केवारीवरून बोर्डापुढं सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून गणित सांगतो. समजा, पायाचे 40 आणि कानांचे 20 आहेत, तर ते 60 होत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भागच मिळवतात. 90 मधून 40 वजा केले की 50, त्याला 20 नं गुणून 90 नं भागायचं, ते आले सुमारे 11. एकूण 51. एकच कान पूर्ण गेला असेल तरी आकडा लहानच येतो, कारण चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचनं गुणतात, त्यात वाईट कानाचे मिळवतात आणि सहानं भागतात. एक कान शंभर टक्के गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर उत्तर 17 च्या आत येतं. बहुतेक सवलतींना किमान 40 लागतात, त्यामुळे हा हिशेब आधी माहीत असला की डॉक्टरवर संशय घ्यायची वेळ येत नाही.

निकाल अमान्य असेल तर भांडण्यात अर्थ नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, ते मागून घ्या. निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत राज्यानं नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. सोबत तपासणीचे सगळे रिपोर्ट जोडा.

प्रमाणपत्र आणि ई-कार्ड पोर्टलवरूनच उतरवून घ्यायचं. प्लॅस्टिकचं कार्ड पोस्टानं मागाहून येतं, त्याची वाट बघत काम अडवून ठेवू नका. उतरवल्याबरोबर नाव, जन्मतारीख, दिव्यांगत्वाचे प्रकार, टक्के आणि ‘कायमस्वरूपी’ की ‘तात्पुरतं’ एवढं वाचून बघा. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते. लहान मुलांचं बहुधा तसंच मिळतं, कारण वाढीबरोबर अवस्था बदलू शकते. बोर्डाची तारीख लगेच मिळत नाही, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या तीनचार महिने आधीच टाका, नाहीतर मधल्या काळात पेन्शन थांबते.