‘मी पण जागीच आहे’

‘ऑनलाइन मैत्रिणी’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठराविक भाव येतो, अगं त्या काय खऱ्या मैत्रिणी का, असा, आणि मला ते दरवेळी लागतं. कारण बाळ झाल्यानंतरचं पहिलं वर्ष मी ज्यांच्या जिवावर काढलं त्यातल्या बहुतेक जणींना मी आजपर्यंत प्रत्यक्ष भेटलेले नाही. काहींची तर आडनावंसुद्धा माहीत नाहीत. पण कोणाच्या लेकीला लस दिली की हमखास ताप येतो, कोणाचा मुलगा फक्त बाबाच्याच खांद्यावर झोपतो, कोणाला सिझेरियनचे टाके किती दिवस खुपत होते, हे सगळं मला तोंडपाठ आहे. ह्याला मैत्री म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आमचा ग्रुप म्हणजे एकाच महिन्यात ड्यू डेट असलेल्यांचा. निकष एवढाच, बाकी वय, नोकरी, पहिलं मूल की दुसरं, कशाचाच मेळ नाही. मला वाटलेलं डिलिव्हरी होईपर्यंत चालेल आणि मग ज्या त्या आपापल्या व्यापात बुडून जातील, पण झालं उलटंच, बाळं आल्यावरच ग्रुप खरा सुरू झाला. आणि सगळ्यांची बाळं एकाच वयाची असण्यात काय ताकद आहे ते तेव्हा कळलं. आता बघा, बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं. हे डॉक्टर सांगतात, पुस्तकात पण असतं, मी वाचलं पण होतं. पण बाळ दोन तास एका सुरात रडत असताना वाचलेलं काही आठवत नाही, तेव्हा फक्त एवढंच वाटतं की आपल्याला आई होणं जमत नाहीये. आणि मग ग्रुप उघडावा तर एकीचं तेच, दुसरीचं तेच, तिसरी म्हणतेय मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, आणि छातीवरचा दगड जरा तरी हलतो. माझंच बाळ असं नाहीये, ह्या वयाचं बाळ असंच असतं, हे डोक्याला पटणं वेगळं आणि बाराजणी एकदम ‘सेम’ लिहितात तेव्हा पटणं वेगळं.

एक रात्र सांगते. आमचं पिल्लू तेव्हा अंगावर असलं तरच झोपायचं, खाली ठेवलं की दोन मिनिटांत डोळे टक्क उघडे. नवरा दुसऱ्या खोलीत, त्याची आधीची पाळी झालेली, त्याला उठवायचं नव्हतं. खोलीत अंधार, फोनचा ब्राइटनेस पार खाली आणि मी एका हाताने टाइप करत होते, ‘कोणी जागं आहे का’. लगेच उत्तर आलं, ‘मी पण जागीच आहे. डाव्या हाताला मुंग्या आल्यात पण हलवत नाही, हलवला की उठेल.’ बस एवढंच. मग आम्ही तासभर काहीबाही बोलत बसलो, अर्धे शब्द चुकीचे, कारण दोघींचा एकेकच हात मोकळा. तिने मला कुठलाही उपाय सांगितला नाही, मी पण तिला नाही. मध्येच ती गायब झाली, पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन ‘डायपर लीक, सगळे कपडे बदलले, बोल’ असं लिहिलं. ते ‘बोल’ मला अजून आठवतं. घरात माणसं होती, सगळी जीव लावणारी होती, पण त्या वेळेला जागं असणारं आणि उद्या सकाळी माझ्याइतकंच थकलेलं असणारं माणूस तिथेच होतं.

मोठी माणसं प्रेमाने सांगतात, आम्ही नाही का वाढवली मुलं. वाढवली, आणि छान वाढवली, पण त्यांना ते दिवस आता आठवत नाहीत हो. ज्यांची मुलं पाच-सात वर्षांची आहेत अशा माझ्या जुन्या मैत्रिणींनाही नीट आठवत नाही, विचारलं की म्हणतात हो गं होतं थोडं त्रासाचं, पण जातात ते दिवस. जातात हे खरंय. पण आज रात्री ते गेलेले नसतात ना.

आमच्या ग्रुपमध्ये एक पद्धत पडली आणि माझ्या मते ग्रुप टिकला तो त्या पद्धतीमुळे. मेसेजच्या सुरुवातीलाच लिहायचं, ‘सल्ला’ किंवा ‘ऐका’. ‘सल्ला’ असेल तर सगळ्यांनी आपापलं ज्ञान पाजळावं, लिंका टाकाव्यात, फोटो टाकावेत. ‘ऐका’ असेल तर कोणीही एक अक्षर शिकवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं पण पाळायला फार जड जातं, कारण आपल्याला समोरच्याचं दुःख दिसलं की हात शिवशिवतात, काहीतरी उपाय सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकीने लिहिलं होतं, ‘ऐका. आजपासून वरचं दूध सुरू केलं. खूप रडले.’ आता ह्या विषयावर बाहेर काय होतं ते प्रत्येक आईला माहितीये, कोणी म्हणणार अजून प्रयत्न करायचा होतास, कोणी म्हणणार पंप लाव, कोणी म्हणणार त्यात काय एवढं रडायचं. इथे कोणी काही म्हणालं नाही. ‘किती दिवस झगडलीस गं तू’, ‘बाळाचं पोट भरलं ना, आता तू झोप’, ‘मी आहे’, असे मेसेज येत राहिले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच ‘सल्ला’ लिहून बाटली कशी उकळायची, किती वेळ, तयार केलेलं दूध किती वेळ ठेवलेलं चालतं वगैरे विचारलं, आणि मग काय, माहितीचा पूर.

तुलना होते का, तर होते, प्रामाणिकपणे सांगायचं तर हा अशा ग्रुपचा सगळ्यात टोचणारा भाग आहे. सगळी बाळं एका वयाची म्हणजे कोणाचं पालथं पडलं, कोणाचं रांगलं, कोणाचं उभं राहिलं हे रोज समोर. आमच्यातल्या एकीचं बाळ रांगतच नव्हतं, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकायचं, आणि ग्रुपवर रांगण्याच्या व्हिडिओंचा पाऊस. ती बरेच दिवस काहीच बोलली नाही. मग कोणीतरी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता शोधून टाकला, २००६ साली आलेला, पाच देशांतल्या मुलांना बघून केलेला, आणि त्यात सरळ लिहिलंय की स्वतःचं स्वतः चालणं साधारण ८ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतं. केवढी मोठी खिडकी आहे ही! आणि त्याच अभ्यासात शंभरातली चारएक मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती, तशीच पुढे गेली. तो तक्ता आम्ही पिन करून ठेवला. जिचं बाळ वेळेआधी जन्मलं होतं तिला डॉक्टरांनी सांगितलेलं की वय ड्यू डेटपासून मोजायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत, पण ग्रुपवर ती विसरायची आणि घाबरायची, मग आम्हीच तिला आठवण करून द्यायचो, अगं तुझं पिल्लू अजून सहाच महिन्यांचं आहे. व्हिडिओ मात्र बंद करायचे नाहीत असं ठरलं. काहीजणी म्हणत होत्या बंद करा, मी विरोधात होते, आनंद सांगायला बंदी असलेली जागा मला नकोय.

आता जे सांगणार आहे ते तिला विचारून लिहितेय. आमच्यातली एक खूप बोलणारी होती, लांबलचक व्हॉइस नोट्स, मागे मिक्सर नाहीतर वॉशिंग मशीनचा आवाज. हळूहळू तिचे मेसेज आखूड होत गेले. ‘हो’. ‘ठीक’. मग नुसता अंगठा. आम्हाला कोणाला काही जाणवलं नाही, बाळं लहान, प्रत्येकीचं तेच चाललेलं. जाणवलं ते एकीला, जिने पहिल्या बाळंतपणानंतर स्वतः डिप्रेशन काढलं होतं. पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, मन हळवं होणं हे खूप जणींना होतं आणि आपोआप जातं, पण दोन आठवडे उलटून गेले तरी अंधारच असेल तर ती वेगळी गोष्ट असते. हिने तिला ग्रुपवर काही न विचारता वेगळा मेसेज केला, मग फोन, मग रोज ठरलेल्या वेळेला फोन. तिला एडिनबर्गची प्रश्नावली पाठवली, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनची लक्षणं तपासायला १९८७ पासून जगभर वापरतात ती, दहाच प्रश्न असतात, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. त्याने निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे काय बोलायचं ते तरी हातात येतं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे आणि तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तिने दहावं उत्तर लिहून स्क्रीनशॉट पाठवला आणि हिने तिच्या नवऱ्याला फोन लावला. त्याच दिवशी डॉक्टर, मग औषधं, समुपदेशन. आज ती छान आहे, तिच्या व्हॉइस नोट्स परत पाच-पाच मिनिटांच्या झाल्यात आणि मी त्या पूर्ण ऐकते, एकही पुढे ढकलत नाही.

ह्या सगळ्यानंतर मी शोधाशोध केली तर कळलं की नेमका ह्यावरच कॅनडात अभ्यास झालेला आहे, २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला. डिप्रेशनचा धोका जास्त असलेल्या ७०१ नव्या आया, त्यातल्या निम्म्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा आणि निम्म्यांना त्याच्याच जोडीला फोनवर बोलायला एक स्वयंसेविका, जी स्वतः ह्यातून बाहेर आलेली बाई. तज्ज्ञ नाही, डॉक्टर नाही. बाराव्या आठवड्याला पहिल्या गटात २५ टक्के जणींमध्ये डिप्रेशनची लक्षणं होती आणि फोनवाल्या गटात १४ टक्के. मी ते आकडे किती वेळा वाचले असतील. म्हणजे आमच्या मैत्रिणीने जे आतून ओळखून केलं, कोणी न सांगता, ते खरोखरच उपयोगाचं असतं. ऑनलाइन मैत्रिणी खऱ्या का असं विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

पण एक गोष्ट आम्ही कडक पाळतो, ग्रुप म्हणजे दवाखाना नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप ३८ डिग्री सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा वर, तर तिथे चर्चाच नाही, सगळ्या एकच शब्द लिहितात, ‘डॉक्टर’. औषधाचा डोस कोणी कोणाला सांगायचा नाही, कारण तो बाळाच्या वजनावर ठरतो आणि एकाच औषधाची ड्रॉप्स आणि सिरप वेगवेगळ्या ताकदीची असतात, माझ्या बाळाला इतके मिली दिले हे वाक्य दुसऱ्याच्या बाळासाठी धोक्याचं ठरू शकतं. ग्रुपचं काम त्याच्यानंतरचं. दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या आईला सोबत करायची, आणि घरी आल्यावर विचारायचं, तू काही खाल्लंस का.

बाबा लोक नंतर आले. एका मैत्रिणीची रजा संपली आणि घरी तिचा नवरा राहणार होता, तिने अॅडमिनला विचारून त्याला अॅड केलं. सुरुवातीला थोडी कुजबुज झाली, साहजिक आहे, आम्ही टाक्यांपासून सगळं बोलायचो, पण मग त्या गोष्टींसाठी फक्त आयांचा वेगळा ग्रुप केला आणि मूळ ग्रुप सगळ्यांचा झाला. त्याने पहिलाच मेसेज लिहिला, ‘सल्ला. ती ऑफिसला गेली की हा बाटली तोंडातच घेत नाही, मी काय करू’. आज वाटतं हे आधीच करायला हवं होतं, कारण बाप एकटा पडला तर त्याला विचारायला कोणी नसतं आणि त्याला कोणी विचारत पण नाही.

मुलं आता पळतात. ग्रुपवरच्या अर्ध्या गप्पा मुलांच्या नसतातच, कोणाचा इंटरव्ह्यू, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन, कोणाला नोकरी सोडायचीये आणि धीर होत नाहीये. आमच्यातल्या एकीला आता दुसरं होणार आहे, ती नव्या महिन्याच्या ग्रुपमध्ये गेलीये, आमचा सोडलेला नाही. तिथे सगळ्या नवख्या, त्यामुळे ही तिथली मोठी ताई. तिने जाता जाता आमची ‘सल्ला’ आणि ‘ऐका’ची पद्धत तिथे लावून दिली, आणि त्या पोरींनी त्यात स्वतःचा तिसरा शब्द घातलाय, ‘हसवा’. आम्ही तो लगेच उचलला.