आमची वाटचाल : पटावर एकवीस, परीक्षेला अकरा

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, पांढरकवड्याच्या अलीकडे आमची खाजगी आयटीआय आहे. २०१३ मध्ये इलेक्ट्रिशियन आणि फिटर असे दोन ट्रेड घेऊन सुरू केली. जागा वडिलांच्या वावरातली, शेडसाठी कर्ज काढलं. मी स्वतः फिटर, बुटीबोरीच्या एमआयडीसीत नऊ वर्षं काम करून गावी परतलेला. यंत्रं आली, निदेशक (शिकवणारे) आले की मुलं आपोआप शिकतील, अशी माझी समजूत होती.

पहिल्या वर्षी फिटरला एकवीस प्रवेश झाले. परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा वर्गात अकरा जण उरले होते. अकराही पास झाले. आम्ही पेढे वाटले, दारावर ‘१०० टक्के निकाल’ असा फलक लावला. शेजारच्या गावचे एक काका तो वाचत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “माह्या पोट्ट्याचं नाव यात कुठी हाये?” त्यांचा मुलगा सोडून गेलेल्या दहांतला. फलक मी त्याच संध्याकाळी उतरवला. तेव्हापासून आमच्याकडे निकाल काढतो तो प्रवेश घेतलेल्यांवर, परीक्षेला बसलेल्यांवर नाही.

मग मोटारसायकलवर मी आणि बायको त्या दहा घरी गेलो. पोरांना शिकायचा कंटाळा, असं सगळे सांगत होते. घरोघरी ऐकलं ते वेगळंच. प्रवेश ऑगस्टमध्ये होतात. सप्टेंबर संपता संपता सोयाबीन सवंगणीला (कापणीला) येतं, दिवाळीनंतर कापूस फुटतो, जिनिंग (कापसातली सरकी वेगळी करणारे कारखाने) सुरू होतात आणि रोजचा रोख पैसा दिसायला लागतो. त्यात त्या वेळी सेमिस्टर पद्धत होती, म्हणजे पहिली परीक्षा ऐन वेचणीत. (२०१८ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा आली. आमच्या भागासाठी ते फार बरं झालं.) एक आई चुलीपुढून न उठता बोलली, “सर, त्याले शिकाचं हाये. पन सोयाबीन वावरात उभं हाये, मजूर भेटत नाई. आठ दिवस गेला अन् मंग त्याले वर्गात याची लाज वाटली.”

ही लाज मला माहीतच नव्हती. पोरगं आठ दिवस बुडवतं, परत येतं तर बाकीच्यांचा जॉब (सरावासाठी घडवायचा तुकडा) पुढे गेलेला असतो, निदेशक सगळ्यांसमोर बोलतात, आणि ते गेटवरूनच माघारी फिरतं. गळती तिथे होत होती.

दुसऱ्या वर्षापासून सवंगणीला जाणाऱ्यांची यादी आधीच करायला लागलो. कोण कधी जाणार, कधी येणार, हे पालकांशी बोलून ठरवायचं आणि राहिलेली प्रात्यक्षिकं रविवारी भरून काढायची. हजेरीपटाला मात्र हात लावायचा नाही. परीक्षेला ८० टक्के हजेरी लागते, आणि आठ-दहा दिवस त्यात नीट बसतात. परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोणी काही बोलायचं नाही, हे निदेशकांना सांगायला मला खूप जड गेलं. एक निदेशक याच कारणावरून सोडून गेले.

फिटरचं दुसरं दुखणं कानस. लोखंडाचा तुकडा व्हाईसमध्ये धरायचा, कानस मारायची, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. आठवडेच्या आठवडे हेच. तळहाताला फोड येतात आणि घरी दाखवायला काही नसतं. अभ्यासक्रम बदलणं आपल्या हातात नाही, पण मी पहिल्याच महिन्यात प्रत्येकाला घरच्या डवऱ्याची पास (कोळपणीच्या अवजाराचं लोखंडी पातं) आणायला सांगितली. तीच कानस, तोच हात, पण धार लावलेली पास घरी गेली की बाप ती अंगठ्याने तपासतो. इलेक्ट्रिशियनची पोरं स्वतःच्या घरासाठी स्विचबोर्ड करतात. आमच्याकडे या एका गोष्टीने जेवढी मुलं टिकली, तेवढी कुठल्याही भाषणाने टिकली नसती.

२०२१ च्या हिवाळ्यात एसटीच्या संपात लाल गाड्या बंद पडल्या, त्या थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. त्यात लांबच्या गावची चार मुलं गेली. दोघांना कार्यशाळेच्या मागच्या खोलीत ठेवलं, बाकी दोघांना परत आणता आलं नाही. ती सल आहे.

जिनिंगवाल्यांशी मात्र जुळलं. आधी ते आमची पोरं हमालीला नेत. आता हंगामाआधी मोटारी, बेअरिंगं, पॅनेल तपासायच्या कामाला दुसऱ्या वर्षाची मुलं आमच्या निदेशकांसोबत जातात. पहिल्या वर्षाची पोरं गेटपाशी उभी राहून त्यांना जाताना बघतात.

आता फिटरची तुकडी वीसची असते. यंदा वीसही आहेत. सवंगणीच्या यादीत सात नावं आली आहेत. त्यातल्या तिघांच्या घरी अजून जायचं आहे.