मग बाई, तुम्ही काय करता?

लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात, केंद्राच्या शिक्षण परिषदेत सहकारी विचारतात, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तर ठरलेलंच. "टीव्ही पोरं लावतात, प्रोजेक्टर पोरं जोडतात, लॅपटॉपवर पोरंच दाखवतात. मग बाई, तुम्ही काय करता?" मी हसून विषय बदलते. पण तुम्ही फार वेळा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहिते.

आधी दोन उदाहरणं बाजूला ठेवू. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या डिसले सरांना 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हे दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्यातलं अर्धं त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांत वाटलं. त्यांचं कौतुक मलाही आहे. पण "तुम्हाला कधी मिळणार?" हा काही प्रश्न नव्हे. दुसरे शिक्षणसंशोधक डॉ. सुगत मित्रा. 1999 मध्ये त्यांनी दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत संगणक बसवला, मुलं आपापली शिकली, म्हणजे शिक्षक नसला तरी चालतं, असं मला ऐकवलं जातं. पुढे त्यांनीच मुलांना स्काइपवर धीर द्यायला, शाबासकी द्यायला मोठी माणसं जोडून दिली, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता माझ्या वर्गाचं. वर्ग मुलांनीच चालवायचा, हे मीच त्यांना सांगितलेलं. सहावी, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. लॅपटॉपवर जिओजेब्रा हे आकृत्या काढून मापं दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. माउस एका मुलीकडे. ती त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढायची, कोनांची मापं बदलायची, बाकीचे पाटीवर बेरीज करायचे. 180, 180, पुन्हा 180. मग 61.23, 52.33 आणि 66.43 आले. बेरीज 179.99.

"बाई, पुस्तक चुकलंय!"

पडद्यावरची मापं दोन दशांश स्थळांपर्यंत जवळच्या आकड्यात मांडलेली असतात, म्हणून बेरजेत एखादा शतांश इकडेतिकडे होतो. मला ते माहीत होतं. मी बोलले नाही. कोणी म्हणालं लॅपटॉप जुना झालाय, कोणी म्हणालं तिचा हात हलला. एका पोराने फळ्यावर कंपासपेटीतला कोनमापक लावला आणि त्याची बेरीज 182 आली, तेव्हा जो गोंधळ उठला तो पार रस्त्यापर्यंत गेला असणार.

नेमके तेव्हा साहेब तपासणीला आले. "वर्ग कोण घेतंय इथं?" मी सांगायला लागले. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि अर्ध्या मिनिटात प्रश्न संपवला. "अरे, हे राउंडिंग आहे. बेरीज 180च असते. लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतलं. वर्ग शांत. जाताना शेरेबुकात शेरा: अध्यापन आढळले नाही, वर्गावर नियंत्रण नाही.

तो शेरा मला अजून टोचतो. साहेब खोटं काही बोलले नव्हते, म्हणून जास्तच. त्यांनी सांगितलेलं उत्तर अचूक होतं. आणि ते उत्तर देणं म्हणजे अध्यापन असेल, तर मी त्या तासाला ते केलं नव्हतं हेही खरंच. मी काय करत होते? पुढचा त्रिकोण कोणता ओढायला सांगावा, कोणाचं म्हणणं फळ्यावर लिहावं, कधी तोंड उघडावं, हे ठरवत होते. हे शेऱ्याच्या रकान्यात कसं लिहितात, मला ठाऊक नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी जिंकले असते. पण दुसऱ्या दिवशी एका पोराने जिओजेब्राच्या सेटिंगमध्ये साहेबांचा तोच ‘राउंडिंग’ शब्द शोधला आणि दशांश स्थळं दोनाची पाच केली. "बाई, चूक बारीक झाली, पण गेली नाही!" इतकी नेमकी गोष्ट त्या वर्गात मीही कधी बोलले नसते. आता सांगा, हे माझ्या गप्प राहण्याने झालं की साहेबांच्या त्या एका शब्दाने? शब्दच कानावर पडला नसता तर त्याने शोधलं काय असतं?

माझ्यातलीच जुनी बाई यावर खूश होते. हीच ती, जी टीव्हीचा रिमोट लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवायची आणि किल्ली पर्समध्ये. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, डेड स्टॉकला म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत नोंद, फुटला तर भरून कोण देणार? तिची भीती खोटी नव्हती. आणि "पोरांवर सोडलं की दांडगी पोरंच पुढे येतात" हे तिचं म्हणणं तर मला अजून खोडता येत नाही. पहिल्या वर्षी माउस कायम त्याच तिघांच्या हातात. मुली मागे उभ्या राहून "आता इथे दाब" सांगायच्या. त्यातल्या काहींना घरी फोनला हात लावायची मुभा नाही, भावाला आहे. शाळेतही तेच घडत असेल तर मुलांच्या या पुढाकाराचं काय लोणचं घालायचं?

म्हणून मी पाळ्या लावल्या. भिंतीवर यादी. जिची पाळी तिच्या हातातून माउस कोणी घ्यायचा नाही, मीसुद्धा नाही. त्या तिघांपैकी एकाने लगेच विचारलं, "बाई, तुम्ही म्हणालात ना की वर्ग आम्ही चालवायचा? मग यादी तुमची कशी?"

यादी तशीच आहे. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.