यंदा दादाभाई कोण?

ऑगस्ट संपत आला की आमच्या वाचनालयात एकच प्रश्न फिरू लागतो, "यंदा दादाभाई कोण?" नवखा सभासद दचकतो. दादाभाई नौरोजी जाऊन शंभरावर वर्षं झाली आणि ही मंडळी यंदाचा दादाभाई शोधतायत! पण गिरगावातल्या आमच्या मंडळात दर 4 सप्टेंबरला दादाभाईंची जयंती होते आणि तीत वीस-पंचवीस मिनिटांचं एक नाटुकलं असतं. ते मी लिहिलंय. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक करू लागले तर कुणी नाक मुरडायला नको.

सुरुवात 1993 ची. त्या वर्षीचा जानेवारी ज्यांनी मुंबईत काढला त्यांना कारण सांगायला नको. वाचनालयाच्या खिडक्या कित्येक दिवस बंद होत्या. उघडल्या तेव्हा आमचे त्या वेळचे अध्यक्ष एक जाडजूड पुस्तक काखेत मारून आले. खादीतला माणूस, सगळ्यांशी भांडून सगळ्यांना धरून ठेवणारा. म्हणाले, "शंभर वर्षांपूर्वीही मुंबईत दंगल झाली होती, 1893 च्या ऑगस्टात. त्याच वर्षी डिसेंबरात लाहोरच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष म्हणून दादाभाई काय बोलले ते ऐका." आणि त्यांनी उभ्या उभ्या मराठी करत वाचलं: मी हिंदू असेन, मुसलमान असेन, पारशी असेन, ख्रिश्चन असेन किंवा आणखी कोणत्या पंथाचा असेन, सर्वांत आधी मी हिंदी आहे.

टाचणी पडली तर ऐकू येईल असं वगैरे काही झालं नाही. बाहेर कोथिंबीरवाला ओरडत होता. पण त्या सप्टेंबरात पहिली जयंती झाली आणि मग ती चुकली नाही.

दीपप्रज्वलन, हार, प्रास्ताविक, अहवालवाचन, पाहुण्यांचा परिचय (पाहुण्यांपेक्षा लांब) हे सगळं जिथे तिथे होतं तसंच आमच्याकडेही होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी चार-दोन जण फोर्टात जाऊन दादाभाईंच्या बसलेल्या पुतळ्याला हार घालून येतात. मी जात नाही, गुडघे दुखतात.

नाटुकल्याचा पहिला प्रवेश एल्फिन्स्टन या मुंबईतल्या शिक्षणसंस्थेतला. पुरोहिताच्या गरीब घरातला, चार वर्षांचा असताना बाप गेलेला, आई माणेकबाईंनी वाढवलेला मुलगा त्याच संस्थेत गणिताचा प्राध्यापक होतो, तेही 1855 मध्ये, साहेबांच्या रांगेत. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा या प्रवेशात माझा हात जरा सैल सुटलाय हे मान्य. त्याला जोडून 1849 च्या मुलींच्या शाळांची गोष्ट येते. एल्फिन्स्टनमधली ही तरुण पोरं पगाराची अपेक्षा न ठेवता मुलींना शिकवायला जात आणि आमच्या गिरगावात नाना शंकरशेटांनी त्या शाळेला आपली जागा दिली. 'आमच्या गिरगावात' या शब्दांना दरवर्षी टाळी पडते. पडणारच.

दुसऱ्या प्रवेशात पूर्वी मी दरडोई उत्पन्नाचं गणित घातलं होतं. हिंदी माणसाची वर्षाची कमाई दादाभाईंनी सरकारच्याच आकड्यांवरून काढली, वीस रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्याला सरकार किती खर्च करतं तेही त्यांनी तिच्या शेजारी मांडून दाखवलं. माझ्या मते अख्ख्या नाटुकल्यात याहून धारदार काही नव्हतं. पण कार्यकारिणीत ठरलं की प्रेक्षक जांभया देतात, आणि 2004 साली तो प्रवेश कापला गेला. ठरावाच्या बाजूने पाच, विरोधात मी. जाऊ दे.

त्याच्याऐवजी आला लॉर्ड सॉल्सबरी. 1886 मध्ये लंडनच्या हॉबर्न मतदारसंघातून दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटची निवडणूक हरले होते. दोन वर्षांनी इंग्लंडचे हे पंतप्रधान भर सभेत म्हणाले की कुणा काळ्या माणसाला इथला मतदारसंघ निवडून देईल असं त्यांना वाटत नाही. हे काम करायला पोरं भांडतात, कारण प्रेक्षकांतली पोरं हुर्यो करतात. एका सॉल्सबरीला एकदा केळ्याचं साल लागलं होतं. तेव्हापासून खाऊ कार्यक्रमानंतर वाटतात.

मग फळा येतो. खराखुरा, दोन माणसांनी उचलून आणायचा. त्यावर एक मुलगी खडूने लिहिते: 1892, सेंट्रल फिन्सबरी. दादाभाई 2,961. खाली प्रतिस्पर्धी पेंटन 2,956. आणि वजाबाकी. पाच! लोकांना नौरोजी म्हणता येईना म्हणून तिथे त्यांचं 'नॅरो मेजॉरिटी', म्हणजे निसटतं मताधिक्य, करून टाकलं होतं, हा विनोद सूत्रधार सांगतो आणि निम्म्यांनाच कळतो. पण 'पाच' हा शब्द सगळं सभागृह मिळून ओरडतं. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलला मी सभागृह म्हणते ते याच एका क्षणापुरतं.

आणि मग शपथ.

निवडून आलेला सभासद पार्लमेंटात बायबलवर हात ठेवून शपथ घेई. दादाभाई म्हणाले, मी ख्रिस्ती नाही, आणि आपली खोर्देह अवेस्ता, म्हणजे पारशांची रोजच्या प्रार्थनांची पोथी, हातात घेऊन त्यांनी देवाच्या नावाने शपथ घेतली. बस, एवढंच. संवाद नाही, संगीत नाही. पोरगं उभं राहतं, खिशातून छोटं पुस्तक काढतं, उजव्या हातात धरतं.

पहिल्या वर्षी तालमीला ग्रँट रोडकडचे आमचे पारशी काका आले होते. त्यांना म्हटलं, तुमच्याकडची अवेस्ता एक दिवस मिळेल का? त्यांनी मान हलवली. "नाटक माटे नाय बेन. ती रोज वाचायची, दाखवायची नाय." मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. नंतर वाटलं, दादाभाईंचंही हेच म्हणणं असणार. याच माणसाने तरुणपणी, 1851 साली, धर्मात साठलेला कचरा काढायला सभा काढली, 'रास्त गोफ्तार' हे वर्तमानपत्र काढलं, स्वतःच्या जातभाईंच्या शिव्या खाल्ल्या. पण परक्या देशाच्या पार्लमेंटात पहिलं पाऊल टाकताना खिशात होतं ते तेच रोजचं पुस्तक. ते त्यांनी लपवलं नाही आणि परत कधी टेबलावर आपटलंही नाही. पुढली तीन वर्षं तिथे बोलले ते हिंदुस्थानातल्या सगळ्यांच्या उपासमारीबद्दल.

तर अवेस्ता नाही. मग काय? वाचनालयाच्या रद्दीत एक लॉगटेबलाचं, म्हणजे गणिताच्या कोष्टकांचं, पुस्तक सापडलं. आकार बरोबर, जाडी बेताची. खाकी कागदाचं कव्हर घातलं. गणिताच्या प्राध्यापकाच्या हातात लॉगटेबल, मला तर देवच पावला. काकांना दाखवलं तर ते इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, "आ चालसे!" तेव्हापासून तीसच्या वर दादाभाईंनी त्या लॉगटेबलावर शपथ घेतली आहे.

शेवटी लाहोरचं भाषण. मला दरवर्षी रडू येतं ते इथे, आणि यात नाटुकल्याचं श्रेय काही नाही. वाक्यं दादाभाईंची. 'हिंदी'चं आम्ही पुढे 'भारतीय' केलं, कारण एकदा एका चिमुरडीने विचारलं, "बाई, सर्वांत आधी मी हिंदी, मग मराठी कितव्या तासाला?"

या वाक्यात चार धर्मांची नावं ओळीने येतात. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिश्चन. क्रम दादाभाईंचा आहे आणि मी मास्तरीण आहे, मूळ क्रम मोडलेला मला चालत नसे. तरी पोरं चुकायची. खोताच्या वाडीतला एक मुलगा तालमीत पाच वेळा ख्रिश्चन आधी म्हणाला. मी पाच वेळा थांबवलं. महापालिकेच्या शाळेतली एक मुलगी, घरी उर्दू, मराठी आमच्या पोरांपेक्षा स्वच्छ, ती 'मुसलमान'पाशी पोचली की अगदी बारीक थांबायची. ऐकणाऱ्याला वाटावं विसरली. तिला मी म्हटलं, "सलग म्हण." ती म्हणाली, "बाई, सलगच म्हणतेय." आणखी एका वर्षी बीआयटी चाळीतला दादाभाई 'आणखी कोणत्या पंथाचा'च्या आधी खणखणीत 'बौद्ध असेन' म्हणाला. तालमीत म्हणाला नव्हता, थेट कार्यक्रमात. मी विंगेत, म्हणजे पुस्तकांच्या कपाटामागे, हातात संहिता घेऊन उभी. लाल पेन होतं. खूण करायला पेन टेकवलं आणि टोपण लावून ठेवून दिलं. संहितेत 'बौद्ध' आता छापील आहे. क्रमाबद्दल मी कुणाला टोकत नाही. जो दादाभाई होतो तो आपला क्रम लावतो. पारशी मुलगा मात्र बत्तीस वर्षांत एकदाही मिळाला नाही, याची काकांना खंत होती. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसून ते वाक्याच्या शेवटी मोठा रुमाल काढत आणि आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं नाक शिंकरत. 2018 पासून ती खुर्ची आम्ही मोकळी ठेवत नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं, गर्दीत खुर्ची अडवणं.

गर्दी! यावर मी बोलले तर भांडणच होईल, पण बोलते. सप्टेंबरच्या सुरुवातीला बरेचदा गणपती असतात आणि गणपती असले की आमच्याकडे माणसं नसतात. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती आमच्याच गिरगावात, केशवजी नाईकांच्या चाळीत, तोही 1893 सालचा. तेव्हा तक्रार कुणापुढे करणार? तरी लाहोरच्या भाषणाला अकरा माणसं आणि खाली ढोलाच्या तालमीला दोनशे, हे पाहून जीव जळतो. 2019 च्या 4 सप्टेंबरला तर पाऊस असा कोसळला की लोकल बंद. आम्ही सात जण होतो, त्यात दादाभाई धरून. फळा आणणारे दोघं दादरला अडकले, म्हणून वजाबाकी तोंडी झाली. 'पाच' ओरडायला पाच जणही नव्हते. ज्या माननीयांना अध्यक्षस्थानासाठी तीनदा निरोप गेला होता त्यांनी पावसाचं कारण कळवलं. ते राहतात समोरच्या इमारतीत.

2025 ला दादाभाईंच्या जन्माला दोनशे वर्षं. आणि 4 तारीख पुन्हा गणपतींत, विसर्जनाच्या दोन दिवस आधी! मी हात टेकले होते. शेवटी शेजारच्या चाळीच्या मंडळातली तरुण पोरंच वर आली. म्हणाली, "बाई, तुम्ही खाली या. संध्याकाळच्या आरतीनंतर अर्धा तास स्टेज तुमचं." कार्यकारिणीत दोन तास खल झाला. देवासमोर हे भाषण शोभेल का, इथपासून पारशी मंडळींना काय वाटेल, इथपर्यंत. काकांची मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा असते तर पहिल्या लाइनीत बसले असते, मोदक मिळतो म्हणून."

झालं खाली. दर्शनाच्या रांगेतली माणसं चपला हातात घेऊन थांबली. 'पाच' असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. दादाभाई नववीतली मुलगी होती, पगडी तिला मोठी होत होती. शपथेच्या वेळी लॉगटेबल काढलं आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्याने नकळत हात जोडले. त्याला वाटलं पोथी आहे.

आता आभार. नावं लिहायची नाहीत असं मंडळात ठरलंय, कारण 2011 च्या अहवालात एक नाव राहिलं आणि त्या कुटुंबाने दोन वर्षं वर्गणी दिली नाही. पण माणसं तर लिहू दे. फळा उचलणारे दोघे बंधू. पगडी दरवर्षी नव्याने शिवून घट्ट-सैल करणाऱ्या ठाकूरद्वारच्या मावशी. माईक शिट्टी मारायला लागला की त्याला थोबाडीत मारून गप्प करणारा इलेक्ट्रिशियन. चहा, आणि चहाचे कप परत मोजून घेणाऱ्या तळमजल्यावरच्या वहिनी. निमंत्रणं हाताने वाटणारे निवृत्त पोस्टमन, जे सवयीने पिनकोडही लिहितात. करोनाच्या दोन वर्षांत मोबाइलवर सगळं जुळवून देणारा माझा नातू. सॉल्सबरीची उंच टोपी पुठ्ठ्याची करणारे चित्रकलेचे सर. ज्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं ते पाच जण, तेही. आणि खाली स्टेज देणारी पोरं.

राहिलं ना कुणी? हो, राहिलं. लॉगटेबल ज्याचं होतं तो. मी खूप शोधलं. कव्हरच्या आत पहिल्या पानावर निळ्या शाईत फक्त इयत्ता आणि तुकडी आहे. नावाच्या जागी वाळवीने खाल्लंय.