आमची वाटचाल: पायडल ते जाळी

कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही पहिली पन्नास टनी प्रेस (पत्रा कापायचं-वाकवायचं यंत्र) बसवली, ती पायडलवर चालायची. हातानं ब्रॅकेट डायवर (साच्यावर) ठेवायचा, पाय दाबायचा, हातानंच काढायचा. पाळी बारा तासांची, जादा तासांना साधाच दर. आसपास सगळीकडे हेच होतं, आम्हीही तेच केलं.

एके दिवशी रोलिंग कीची (क्लच लावणाऱ्या-सोडवणाऱ्या खिळीची) स्प्रिंग तुटली आणि प्रेसनं डबल मारली, म्हणजे पायडल न दाबता रॅम (वरून खाली येणारा भाग) पुन्हा खाली आला. ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन पेरं गेली. डायला ओरखडासुद्धा नव्हता.

दवाखान्यातून आल्यावर आमचे डायमिस्त्री, सुरुवातीपासूनचे निम्मे भागीदार, एवढंच बोलले, "मालक, पायडल काढायचं." मी दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं सुचवली. ते म्हणाले, रोलिंग कीच्या क्लचला ती पुरत नाहीत. क्लच एकदा लागला की रॅम खाली येणारच, आणि डबल मारताना बटण कोण विचारतो? मग त्यांनी प्रत्येक डायभोवती जाळी केली. ब्लँकिंगला (पट्टीतून नग कापायला) पट्टी जाईल एवढीच फट, बेंडिंगला (वाकवायला) सरकती प्लेट. 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 21 हेच सांगत होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

तासाचे नग घटले. शेजारच्या शेडवाल्यानं पायडल तसंच ठेवून नगामागं चाळीस पैसे पाडले आणि आमचं मोठं काम उचललं. वर "कामगारांना डोक्यावर बसवलंय" असं गावभर सांगत फिरला. ते अजून सलतं. सात महिने एकच प्रेस चालू होती, शेपर (धातू तासायचं मशीन) विकला, मिस्त्रींनी पगार घेतला नाही.

तेव्हा मिरजेचे एक पंपवाले आले. तासभर प्रेसजवळ उभं राहून नग तपासत होते. "भाव राहू दे, बर (कापलेल्या कडेला राहणारी धार) नाही आणि भोकं जागेवर आहेत," म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचा पत्रा पाठवला. त्या जॉबवर्कवर आम्ही तगलो.

आज सात प्रेस आहेत. पाळी आठ तासांची, ओव्हरटाइम दुप्पट, सगळ्यांना ईएसआय (कामगार विमा). दोन प्रेस न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरच्या) क्लचच्या, त्यात रॅम मध्येच थांबवता येतो, म्हणून त्यांना लाइट कर्टन (हात आड आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा). जुनी प्रेस घेणाऱ्या पोरांनो, रोलिंग कीच्या क्लचवर लाइट कर्टन लावून पैसे घालवू नका, रॅम मध्ये थांबत नाही. आधी जाळी करा. स्प्रिंग तुटायची वाट बघू नका, बदला.

आमच्याकडे दर सोमवारी रोलिंग की उघडली जाते. ती तोच ऑपरेटर तपासतो. त्यानं मान हलवल्याशिवाय मोटर सुरू होत नाही.